डिस्टिलरीच्या काळ्या पाण्याचा हिशोब

पर्यावरणाचे नियम कडक झाले की कारखाने आधी ओरडतात, मग नाइलाजाने काहीतरी नवं शोधून काढतात आणि त्यातून कमवायलाही लागतात, असं एक मत अर्थशास्त्रात आहे. माझी पुतणी जळगावला विद्यापीठात शिकत होती तेव्हा तिने ते मला ऐकवलं. तोवर मी त्याच भानगडीत बरीच वर्षं घालवली होती. तापीच्या खोऱ्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी आधी केमिस्ट होतो, पुढे सांडपाण्याचं सगळं खातं माझ्याकडे आलं. कारखान्याचं नाव लिहीत नाही. ग्रॅच्युइटी अजून तिथूनच यायची आहे.

आधी त्या पाण्याबद्दल. साखर काढून झाल्यावर उरतं ते मोलॅसिस. ते पातळ करून त्यात यीस्ट सोडलं की आंबतं. या आंबलेल्या वॉशमधून अल्कोहोल वेगळं काढलं की तळाला जे उरतं तो स्पेंट वॉश. जवळपास काळा, आंबट, कॉलममधून, म्हणजे अल्कोहोल वेगळं करायच्या उंच मनोऱ्यातून, निघताना चटका देणारा, आणि वास असा की ड्युटीचे कपडे घरात घ्यायला बायको तयार नसायची. एक लिटर अल्कोहोलमागे हा आठ ते पंधरा लिटर निघतो. पाण्यातली घाण सडवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २००-३०० मिलिग्रॅम असतो. स्पेंट वॉशचा ४०,०००च्या पुढे. नदीत सोडायचं तर मर्यादा ३०. चाळीस हजारांवरून तीसवर आणायचं, आणि तेही रोज काही लाख लिटर.

पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४चा. मी नोकरीला लागलो तेव्हा तो जुना झालेला होता आणि कारखान्याला त्याची सवयही झालेली होती. बायोगॅसचा मोठा डायजेस्टर, म्हणजे सांडपाणी कुजवायची बंद टाकी, होता. त्यातून गॅस मिळायचा, तो बॉयलरला जाळायचा, बीओडी बराचसा उतरायचा. रंग मात्र तसाच राहायचा. मग ते पाणी लगूनमध्ये, म्हणजे उघड्या तळ्यांत. लगूनमधून किती झिरपायचं, किती वाफ होऊन जायचं आणि किती कुणाच्या शेताकडे वळायचं याचा हिशोब कागदावर एक आणि जमिनीत दुसरा. नाल्याच्या खालच्या अंगाला विहीर असलेला एक शेतकरी एकदा बाटली भरून घेऊन ऑफिसात आला. बाटली टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, हाई पानी शे का चहा?" मी प्रयोगशाळेतून आकडे आणून दाखवू शकलो असतो. दाखवले नाहीत.

२००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांसाठी एक सनद काढली. मोलॅसिसवरच्या डिस्टिलऱ्यांना त्यात एकच गोष्ट सांगितली होती: २००५ संपेपर्यंत नदीनाल्यांत सांडपाणी शून्य. बीओडी इतका करा, सीओडी (घाणीचं असंच दुसरं माप) इतका करा असं नाही. बाहेरच काढायचं नाही. कसं, ते तुमचं तुम्ही बघा.

हा फरक तेव्हा लक्षात आला नाही, पण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे. ३० ची मर्यादा होती तोवर आमचं डोकं शेवटच्या पाइपाशीच घुटमळत होतं. अजून एक टाकी, अजून एक एअरेटर, नमुना घ्यायच्या दिवशी पाणी जरा बरं. शून्य म्हटल्यावर शेवटचा पाइपच गेला. मग पाण्याकडे मागे मागे चालत जाणं आलं.

पहिला मार्ग सगळ्यांनी धरला तोच आम्ही धरला, कंपोस्ट. साखर कारखान्यातून प्रेसमड निघतं, म्हणजे उसाचा रस गाळल्यावरचा गाळ. त्याचे लांब ढीग लावायचे, त्यावर स्पेंट वॉश फवारायचा, मशिनने उलथवत राहायचं, सहा-आठ आठवड्यांत खत. यार्डाला खाली पक्कं अस्तर, कडेने गटार, झिरपलेलं पाणी परत वर. कागदावर सुंदर. पण प्रेसमड उसावर अवलंबून, आणि दुष्काळी साली ऊसच नसला की प्रेसमड कुठून आणणार? मोलॅसिस बाहेरून विकत आणता येतं, प्रेसमड कोण देणार? दुसरी अडचण पावसाची. खानदेशात पाऊस तसा बेताचाच, पण जूनची एक सर यार्डावर पडली की आठवड्याचं काम वाहून जाण्याच्या बेतात येतं. त्यामुळे कंपोस्टवर चालणाऱ्या डिस्टिलरीला वर्षाला २७० दिवसांचीच परवानगी. पावसाळ्यात कुलूप. पगार चालू, व्याज चालू, यंत्रं गंजत.

कंपोस्टमध्ये कमावलं का? थोडंसं. सभासद ऊसवाल्यांना खत विकलं जायचं, काही उधारीवर, काही ऊसबिलातून वळतं करून. मशिनचं डिझेल आणि यार्डावरची मजुरी वजा केली की हाती फार काही राहत नसे. नियमाने आम्हाला खतवाले केलं होतं एवढंच.

खरं वळण आलं ते मोजण्यापासून. २०१४च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंडळाने या १७ उद्योगांना ऑनलाइन मोजणी सक्तीची केली. फ्लो मीटर, कॅमेरा आणि आकडा थेट सर्व्हरला. आमच्याकडे त्यावरून बरीच कुरकुर झाली. एमडींना वाटलं हेरगिरी आहे. हेरगिरी होतीच, त्यात खोटं काही नाही. पण मीटर एकदा बसवायचेच आहेत म्हटल्यावर मी जरा लोभ केला. मंडळाला जे हवे होते त्यांच्या जोडीला आतल्या लाइनींवरही चार बसवून घेतले. एका बिलात बसून गेले, कुणी विचारलं नाही.

आणि मग रोज सकाळी तक्त्यावर एक गोष्ट दिसायला लागली. वॉश म्हणून कॉलममध्ये जितकं जात होतं त्यातलं अल्कोहोल वजा केलं, तर खाली जेवढा स्पेंट वॉश यायला हवा त्यापेक्षा बराच जास्त येत होता. पाणी कुठून वाढतंय? डिस्टिलरीतल्या कुठल्याही जुन्या ऑपरेटरला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. ज्याला विचारलं त्याने सांगितलंच: "वाफ सोडतो ना आपण आत." कॉलमला उष्णता द्यायला आम्ही वाफ थेट आत सोडत होतो. ती आत थंड होऊन पाणी व्हायची आणि ते पाणी स्पेंट वॉशमध्ये मिसळायचं. म्हणजे बॉयलरसाठी पैसे खर्चून क्षारमुक्त केलेलं पाणी आम्ही स्वतःच काळं करत होतो आणि मग ते काळं पाणी संपवायला पुन्हा पैसे खर्च करत होतो. कॉलमच्या बुडाशी रिबॉयलर बसवला, वाफ नळ्यांच्या बाहेरून फिरवली, की वाफेचं पाणी स्वच्छ राहून बॉयलरला परत जातं. यात शोध कसलाच नाही. पुस्तकात आहे, नव्या प्लांटांमध्ये तर असतंच.

दुसरी गोष्ट वॉशमधल्या अल्कोहोलच्या टक्क्याची. आमच्याकडे आठ टक्क्यांच्या आसपास वॉश तयार व्हायचा. शंभर लिटर वॉशमधून आठ लिटर अल्कोहोल, ९२ लिटर उरलं. म्हणजे लिटरमागे साडेअकरा. हाच वॉश अकरा टक्क्यांचा केला तर ८९ लिटर उरतं अकरा लिटरमागे, म्हणजे लिटरमागे आठच. टक्का तीनने वाढवला की सांडपाणी जवळपास तीस टक्क्यांनी कमी, तेवढ्याच अल्कोहोलसाठी वाफही कमी. त्यासाठी यीस्ट चांगलं लागतं, मोलॅसिसमधला गाळ आधी काढावा लागतो, फर्मेंटर थंड ठेवावे लागतात. हे सगळं करायला एक उन्हाळा गेला. आपल्याकडचा मे म्हणजे सावलीतही ४४-४५, कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट. त्या दिवसांत यीस्ट सांभाळणं म्हणजे तापलेल्या तान्ह्या पोराला सांभाळणं.

याच सुमारास पुतणी दिवाळीला घरी आलेली होती. माझं हे रिबॉयलरपुराण ऐकून म्हणाली, "काका, हे तर पोर्टरचं आहे." मायकेल पोर्टर, अमेरिकेतला हार्वर्डचा प्राध्यापक. त्याने १९९१ मध्ये मांडलं आणि १९९५ मध्ये क्लास व्हॅन डर लिंडे या सहकाऱ्याबरोबर विस्ताराने लिहिलं की प्रदूषण म्हणजे बहुतेक वेळा वाया गेलेला कच्चा माल, आणि नीट आखलेला नियम कारखान्याला हे वाया जाणं बघायला लावतो. त्यातली उदाहरणं तिने वाचून दाखवली. डाऊ केमिकलचा कॅलिफोर्नियातला प्लांट: कॉस्टिकचं सांडपाणी तळ्यांत साठवायला नियमाने बंदी आली, त्यांनी प्रक्रियाच बदलली, अडीच लाख डॉलर खर्च झाला आणि वर्षाला चोवीस लाख डॉलर वाचायला लागले. थ्री-एम कंपनीने तर १९७५ पासूनच प्रदूषण टाळण्यात फायदा आहे अशी मोहीम चालवली होती.

मला आवडलं, पण माझ्या अंगात केमिस्ट आहे, त्यामुळे विचारलं की कुणी याला खोडलं नाही का? खोडलं होतं. पोर्टरचा १९९५चा लेख ज्या नियतकालिकाच्या ज्या अंकात आला, त्याच अंकात पामर, ओट्स आणि पोर्टनी या तिघांनी. त्यांचं म्हणणं साधारण असं: तुम्ही निवडून निवडून यशाच्या गोष्टी सांगता. एवढा फायदा समोर पडलेला असता तर धंदेवाल्यांनी नियमाची वाट पाहिली असती का? रस्त्यात पडलेली नोट कुणी उचलल्याशिवाय राहतं का?

यावर मी रात्री बराच विचार केला, कारण आमची नोट वीस वर्षं रस्त्यातच पडलेली होती. कुणी का उचलली नाही?

मला सापडलेलं उत्तर असं. ती नोट कुणाच्याच हद्दीत नव्हती. वाफ साखर कारखान्याच्या इंजिनीअरिंग खात्याची. डिस्टिलरीला तिचं बिल लागत नसे, नुसती नोंद व्हायची. पाणी तापीच्या जॅकवेलचं, म्हणजे नदीकाठच्या उपशाच्या विहिरीचं, त्याचा दर इतका कमी की त्यासाठी कुणी पेन उचलत नसे. डिस्टिलरी मॅनेजरला संचालक मंडळ एकच विचारायचं, टन मोलॅसिसमागे लिटर किती? आणि स्पेंट वॉश माझा. मला कुणी लिटर विचारत नसे, फक्त तक्रार आली की बोलवायचे. वाफ कमी केली तर फायदा इंजिनीअरिंगला, त्रास डिस्टिलरीला, आणि पाणी कमी होऊन सुटका माझी. तीन खात्यांच्या मधल्या बोळात पडलेली नोट कोण उचलणार? शून्याचा नियम आला तेव्हा पहिल्यांदा त्या तिन्ही खात्यांना एका टेबलाशी बसावं लागलं, कारण बंद पडणार होती ती सगळ्यांचीच डिस्टिलरी. प्रदूषण मंडळाने बँक गॅरंटी घेतलेली होती. ती जप्त झाली असती तर नुकसान कोणत्या खात्यात टाकायचं यावर अकाउंट्सवाल्यांनीही कान टवकारले होते.

तेव्हा पोर्टरशी मी इथपर्यंत सहमत आहे. पुढे जरा गुंता आहे.

सांडपाणी कमी झालं तरी संपलं नव्हतं, आणि पावसाळ्याचं कुलूप कायम होतं. त्यावर उपाय म्हणजे स्पेंट वॉश आटवून जाळणे. आधी इव्हॅपोरेटरमध्ये आटवत घन पदार्थ ५५ ते ६० टक्क्यांपर्यंत न्यायचे, मग तो काकवीसारखा घट्ट झालेला स्लॉप बगॅस (उसाचा चोथा) किंवा कोळशाच्या जोडीने खास बॉयलरमध्ये जाळायचा. त्याच्या वाफेवर टर्बाइन आणि डिस्टिलरी दोन्ही चालतात. किंमत मात्र डोळे पांढरे करणारी. संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय यायचा आणि चहाबरोबर संपायचा. एक ज्येष्ठ संचालक स्पष्ट म्हणाले, "पाणी जाळण्यासाठी कर्ज काढायचं? उद्या सभासद आम्हाला जाळतील."

मग २०१८ आलं. त्या वर्षी जैवइंधनाचं नवं धोरण आलं, बी-हेवी मोलॅसिसपासूनच्या (ज्यात थोडी साखर मुद्दाम राहू देतात) इथेनॉलला, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलला, वेगळा भाव मिळाला, आणि त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात केंद्राने डिस्टिलऱ्यांसाठी व्याज सवलतीची योजना काढली. त्यात शून्य सांडपाण्यासाठीचे बॉयलरही बसत होते. बँकेच्या व्याजाचा निम्मा भाग किंवा सहा टक्के, जे कमी असेल ते सरकार भरणार, पाच वर्षं. आता बैठकीतला प्रश्न बदलला. पाणी जाळायचं की नाही हे मागे पडलं. पावसाळ्यातही चालली तर वर्षाला किती लिटर जास्त, आणि त्याचे किती, यावर कॅल्क्युलेटर निघाले. ठराव झाला.

म्हणून कुणी मला सांगितलं की नियमाने तुमचा नफा वाढवला, तर मी विचारतो, कोणत्या नियमाने? पाण्याच्या नियमाने आम्ही दारापर्यंत गेलो होतो हे खरं, पण दार उघडलं ते इथेनॉलच्या भावाने आणि सरकारी व्याजाने. ही दोन्ही नसती तर आम्ही कंपोस्टच उलथवत बसलो असतो, आणि तीन महिने कुलूप.

बॉयलर उभा राहिल्यावरची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. स्लॉपमध्ये पोटॅश भरपूर. ते जळताना वितळतं आणि सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवायच्या, नळ्यांवर जाऊन बसतं. काही आठवड्यांत नळ्यांमधली वाटच बुजते, मग बॉयलर थंड करून आत माणसं उतरवून ते ठोकून, धुऊन काढायचं. पुरवठादाराच्या माणसाने सांगितलेला मधला अवधी आणि प्रत्यक्षातला अवधी यांची कधी गाठ पडली नाही. स्लॉपचे नोझल तुंबायचे. जोडीला किती बगॅस घालायचं याचा अंदाज बसेपर्यंत एक हंगाम गेला. बगॅस जास्त घातलं की राख स्वच्छ पण खर्च वाढला, कमी घातलं की भट्टीतच ढेकळं.

दुसरं दुखणं इव्हॅपोरेटरच्या वाफेचं पाणी. दिसायला नितळ. हे परत फर्मेंटेशनला वापरलं की नदीतून पाणी उचलावं लागणार नाही, असं सगळ्यांना वाटलं. वापरलं. यीस्ट दोन-तीन बॅचनंतर मंद पडलं. त्या नितळ पाण्यात स्पेंट वॉशमधली उडणारी सेंद्रिय आम्लं आलेली असतात, व्हिनेगरच्या जातीची, आणि यीस्टला ती चालत नाहीत. मग त्या पाण्यासाठी वेगळा शुद्धीकरण प्लांट: आधी जिवाणूंच्या टाक्या, मग गाळणी, मग पुढचं. तो बसला तेव्हा कुठे पाणी खऱ्या अर्थाने फिरायला लागलं. उन्हाळ्यात तापी आटून जॅकवेलपाशी नुसता चिखल राहतो तेव्हा या पाण्याचं मोल कळतं. शेजारच्या गावाला टँकर सुरू असताना डिस्टिलरीने नदी उपसणं, हे नियमात बसलं तरी रस्त्यावर बसत नाही.

आता राख. ही मला सगळ्यात गमतीची वाटते. सुरुवातीला ती आम्हाला नको होती. हवेतला ओलावा शोषून पहाटेपर्यंत दगड होते, पत्रे खाते, ट्रॅक्टरवाले न्यायला कुरकुर करतात. वीटभट्टीवाल्यांना दिली, त्यांनी एकदा नेली आणि पुन्हा फोन उचलला नाही. मग कुणी तरी प्रयोगशाळेत राखेतलं पोटॅश मोजलं. ऊस जमिनीतून पोटॅश उचलतो, साखरेत ते जात नाही, मोलॅसिसमध्ये उतरतं, अल्कोहोलमध्ये जात नाही, स्पेंट वॉशमध्ये राहतं, आणि जाळल्यावर राखेत. जे पोटॅश पिढ्यान्‌पिढ्या आम्ही नाल्यात सोडत होतो, तेच पोटॅश देश पूर्णपणे आयात करतो. आणि इथून शंभर-दीडशे किलोमीटरवर रावेर-यावलला केळी उभी, जिच्याइतकं पोटॅश खाणारं पीक शोधून सापडायचं नाही.

सरकारने या राखेच्या खताला 'मोलॅसिसपासूनचं पोटॅश' म्हणून खतांच्या अनुदानात घेतलं. अट अशी की त्यात पोटॅश किमान १४.५ टक्के हवं. २०२४च्या जानेवारीत साखर कारखाने आणि खत कंपन्या यांच्यातला दर ठरला, टनाला ४,२६३ रुपये, आणि वर टनामागे ३४५ रुपये अनुदान. पन्नास किलोच्या गोणीचे झाले २१३ रुपये. नाल्यात जाणाऱ्या मालाला २१३ रुपये म्हणजे वाईट नाही. अर्थात त्यासाठी राखेची चाळणी, दाणे पाडायचं मशिन, ओलावा न लागणारं गोदाम, प्रत्येक खेपेची तपासणी हे सगळं उभं करावं लागलं. बगॅस जास्त झालं की टक्का १४.५च्या खाली जातो आणि ती खेप खत म्हणून जात नाही. म्हणजे बॉयलरवाल्याने किती बगॅस घातलं यावर खताच्या गोण्या ठरतात. पुन्हा दोन खाती, पुन्हा एक टेबल.

केळीवाल्यांकडे मी स्वतः गेलो. रावेरकडचा एक बागायतदार, डोक्याने पक्का. त्याने गोणीवरचं वाचलं आणि उभ्या उभ्या हिशोब केला. बाजारातल्या आयात पोटॅशमध्ये ६० टक्के, तुमच्यात साडेचौदा. त्या एका गोणीऐवजी तुमच्या चार. "चार गोण्या टाकाले मजूर कुठून आनू भाऊ? आणि माझं सगळं ठिबकवर, हे विरघळतं का?" नीट विरघळत नाही. ठिबकवाल्याला हे खत नकोच आहे. लागवडीआधी बेसल डोसमध्ये टाकणारा, कोरडवाहू कापूसवाला, ऊसवाला यांना चालतं. आमचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक शेवटी खत कंपनीच राहिली, जी त्यात दुसरी खतं मिसळून विकते. केळीच्या बागेत आमची राख, हे माझं चित्र चित्रच राहिलं.

आता एवढं सगळं करून पैसे मिळाले का, असं पुतणीने पुढच्या सुट्टीत विचारलं. मी निवृत्तीच्या जवळ होतो, त्यामुळे खरं सांगायला हरकत नव्हती. रिबॉयलर आणि वॉशचा टक्का यांनी स्वतःचा खर्च फार लवकर फेडला. त्यांना अनुदान लागलं नाही, इथेनॉलचा भावही लागला नाही. हे पोर्टरच्या खात्यात टाका. इव्हॅपोरेटर आणि बॉयलर यांनी पैसे दिले, पण ते पावसाळ्यातल्या जादा लिटरांमधून, आणि त्या लिटरांना भाव सरकारने दिला म्हणून. व्याजात सवलत नसती तर फेड किती लांबली असती हे मी मांडून बघितलं होतं, आणि तो कागद संचालकांना दाखवला नाही. राखेने राखेचा खर्च काढला, वर थोडं दिलं. शुद्धीकरण प्लांटने रुपया दिला नाही. त्याने उन्हाळ्यात गावाशी भांडण टाळलं, त्याची रक्कम लिहायला खतावणीत रकाना नाही. आणि मंडळाची तपासणी, फी, मीटरची देखभाल, अहवाल लिहिणारा सल्लागार हा शुद्ध खर्च. तो होणारच.

तिने विचारलं, मग नियम आणखी कडक केले तर आणखी शोध लागतील?

मी तिला माझ्या साडूचं सांगितलं. त्याचा जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिक भंगार धुऊन दाणे पाडायचा छोटा कारखाना आहे, चटईवाल्यांना माल देतो. त्यालाही पाण्याचा नियम आला. त्याने टाक्या बांधल्या, पाणी फिरवायला लागला, पाण्याच्या बिलात थोडं वाचलं. पण गाळ उचलायला पैसे, वीज वेगळी, आणि अहवालांसाठी माणूस वेगळा. त्याच्याकडे तीन खाती नाहीत. मालक, मॅनेजर, स्टोअरकीपर तो एकटाच. त्याच्या कारखान्यात बोळातली नोट नव्हतीच, प्रत्येक रुपया त्याने आधीच खिशात घातलेला होता. त्याला नियमाने शहाणं करायला काही उरलेलं नव्हतं, फक्त खर्च वाढवला. २०२२च्या नियमांनंतर प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणल्याचं प्रमाणपत्र मोठ्या कंपन्यांना विकता येतं, तेवढी नवी मिळकत. तीही पोर्टलवर कागद चढवणाऱ्याला. साडूचा मुलगा ते करतो म्हणून ठीक. आणि मला ठाऊक असलेली एक जुनी छोटी डिस्टिलरी तर शून्याच्या नियमानंतर बंदच झाली. तिथे नफा-तोट्याचा प्रश्न उरला नाही. तिच्या खालच्या नाल्याचं पाणी मात्र आता निवळ आहे, हेही तितकंच खरं.

पुतणीला हे उत्तर आवडलं नाही. तिला परीक्षेत लिहिता येईल असं काहीतरी हवं होतं.

सध्या कारखान्यात वेगळाच वाद चालू आहे. २०२३च्या डिसेंबरात उसाच्या रसाच्या इथेनॉलवर केंद्राने अचानक बंधन घातलं, आणि पुढच्याच महिन्यात मक्याच्या इथेनॉलचा भाव लिटरला ७१.८६ रुपये केला. खानदेशात मका ढिगाने होतो. दोंडाईचा, धुळ्याच्या बाजारात हंगामात रस्ते भरलेले असतात. मग सहकारी कारखान्यांनी मका आणि ऊस दोन्हींवर चालणारी डिस्टिलरी करावी यासाठी २०२५ मध्ये पुन्हा व्याज सवलत आली. आमच्याकडेही प्रस्ताव आहे. पण मक्याच्या सांडपाण्यात मोलॅसिसइतकं पोटॅश नसतं. ते वाळवून पशुखाद्य होतं, त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं, आणि जाळायला काही राहत नाही. म्हणजे मका चालेल तेवढे महिने एवढा महागडा स्लॉप बॉयलर स्लॉपशिवाय राहणार. त्याला नुसत्या बगॅसवर चालवायचं तर गळिताबाहेर बगॅस किती उरतं, आणि पशुखाद्याच्या ड्रायरला वाफ कुठून, यावर मागच्या महिन्यात मला बोलावलं होतं, सल्लागार म्हणून, मानधनावर. मी एकच सांगितलं: मका सुरू करायच्या आधी ड्रायरच्या वाफेच्या लाइनवर मीटर बसवा, आणि तिचं बिल कुठल्या खात्यात पडणार ते लेखी घ्या. इंजिनीअरिंगवाले आणि डिस्टिलरीवाले एकमेकांकडे बघायला लागले. चेअरमन म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ.